पार्माच्या दारावरचा मधुबिंदू आणि डोळे उघडे ठेवून झोपणारा सिंह

उत्तर इटलीतल्या पार्मा शहराचं नाव बहुतेकांनी चीजमुळे ऐकलेलं असतं. तिथल्या कॅथेड्रलला लागून गुलाबी संगमरवराची एक अष्टकोनी इमारत आहे. ही बॅप्टिस्टरी, म्हणजे फक्त बाप्तिस्म्याच्या विधीसाठी बांधलेली वास्तू. बेनेदेत्तो आंतेलामी या शिल्पकाराने ११९६ मध्ये तिचं काम हाती घेतलं. तिच्या दक्षिण दारावरच्या अर्धगोलात एक झाड कोरलंय. फांद्यांमध्ये एक तरुण बसलाय आणि त्याचं सगळं लक्ष मधाच्या पोळ्याकडे आहे. खाली दोन लहान जनावरं झाडाची मुळं कुरतडताहेत. बुंध्याशी एक ड्रॅगन तोंड वासून बसलाय. दोन्ही अंगांना सूर्य आणि चंद्र आपापल्या रथांतून निघालेत.

हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते इटलीत नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक जैन कुटुंब राहायचं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये हेच होतं: वडाच्या पारंबीला लोंबकळणारा माणूस, वर मोहोळ, खाली विहिरीत फणा काढलेले साप, पारंबी कुरतडणारे दोन उंदीर आणि झाडाला धडका देणारा हत्ती. माणूस मात्र वर तोंड करून ओघळणाऱ्या थेंबाची वाट बघतोय. त्या घरातल्या आजी काचेवर बोट ठेवून सांगायच्या, "हा काळा उंदीर म्हणजे रात्र, हा पांढरा म्हणजे दिवस. आयुष्य कुरतडतात बघ दोघं मिळून." मधुबिंदूचा दृष्टांत. महाभारताच्या स्त्रीपर्वातही तो आहे. मुलं गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर तो ऐकवतो, आणि तिथला हत्ती सहा तोंडांचा आणि बारा पायांचा आहे, कारण तो म्हणजे वर्ष: सहा ऋतू, बारा महिने.

मग ही गोष्ट पार्माच्या चर्चच्या दारावर कशी? तर बुद्धाच्या चरित्राचं बोट धरून. ते चरित्र मध्य आशियातून पश्चिमेला सरकत अरबीत गेलं, तिथून जॉर्जियन, मग ग्रीक आणि लॅटिन. वाटेत 'बोधिसत्त्व' शब्दाचं 'बुधासफ', मग 'युधासफ' झालं (अरबीत 'ब' आणि 'य' यांच्यात ठिपक्यांचाच काय तो फरक), आणि शेवटी 'जोसाफात'. राजवाडा सोडणारा हा भारतीय राजपुत्र ख्रिस्ती संत ठरला आणि पुढे रोमच्या संतयादीत त्याला २७ नोव्हेंबर ही तारीखसुद्धा मिळाली. त्याला त्याचा गुरू बार्लाम जे दृष्टांत सांगतो, त्यांतला एक हा. विहीर म्हणजे जग, उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र, ड्रॅगन म्हणजे नरकाचा जबडा, मध म्हणजे इथली सुखं.

एक बदल मात्र झाला. अरबीपर्यंत माणसाच्या मागे हत्तीच लागलेला होता. ग्रीकमध्ये पोचल्यावर त्या जागी एकशिंगी घोड्यासारखा प्राणी आला, युनिकॉर्न. तोच आता मृत्यू.

मध्ययुगीन चर्चमधले प्राणी समजून घ्यायचे तर ही अदलाबदल चांगली सुरुवात आहे. आपल्याला वाटतं कलाकार प्राण्याचं चित्र काढतो. तेव्हाचा कोरक्या प्राणी लिहीत होता, आपण अक्षर लिहितो तसा. अक्षर बदललं तरी वाक्य तेच राहू शकतं. आणि एकाच अक्षराने शुभ शब्दही लिहिता येतो, अशुभही. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ तिथेच होतो.

या अक्षरांची बाराखडी एका ग्रीक पुस्तकात सापडते. नाव 'फिजिओलोगस', म्हणजे निसर्गाचा जाणकार. दुसऱ्या ते चौथ्या शतकाच्या दरम्यान, बहुधा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ते लिहिलं गेलं. लेखक अज्ञात आहे. छोटी छोटी प्रकरणं, आणि बहुतेकांची चाल एकच: आधी बायबलमधलं एखादं वचन, मग 'जाणकार सांगतो की' असं म्हणून त्या प्राण्याची एक सवय, आणि मग त्या सवयीचा ख्रिस्ती अर्थ.

सिंहाचंच घ्या. त्याच्या तीन सवयी सांगितल्यात. शिकाऱ्याचा वास आला की तो शेपटीने आपल्या पावलांचे ठसे पुसून टाकतो. तसंच देवाच्या पुत्राने आपलं देवपण झाकून माणसाचा जन्म घेतला, सैतानाला माग लागू दिला नाही. सिंह झोपतो तो डोळे उघडे ठेवून. तसा येशूचा देह क्रुसावर निजला, पण त्याचं दैवत्व जागं होतं. तिसरी सवय सगळ्यात अजब. सिंहीण मेलेल्या छाव्याला जन्म देते, तीन दिवस त्याची राखण करते, आणि तिसऱ्या दिवशी सिंह येऊन त्याच्या तोंडावर फुंकर घालतो. छावा जिवंत होतो. येशू तिसऱ्या दिवशी उठला, हे ज्याने आयुष्यभर ऐकलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

आता साहजिक प्रश्न येतो: हे लोक इतके भोळे होते का? सिंहाचं बाळंतपण कोणी पाहिलं होतं?

मला वाटतं, हा प्रश्न विचारायला आपण मराठी माणसं जरा बिचकलं पाहिजे. चकोर चांदणं पिऊन जगतो. चातक पावसाचाच थेंब झेलतो, जमिनीवरच्या पाण्याला चोच लावत नाही. हंस दुधातलं पाणी वेगळं करतो. आपल्या संतांच्या ओव्या-अभंगांत हे पक्षी जागोजागी येतात, आणि आजवर कोणी वाटीत पाणी घातलेलं दूध हंसापुढे ठेवून ज्ञानेश्वरांची परीक्षा घेतलेली नाही. चकोर खरा आहे की नाही, यापेक्षा श्रोत्याने कसं ऐकावं हे त्यातून कळतं की नाही, ते महत्त्वाचं. मध्ययुगातला साधू सिंहाकडे याच नजरेने बघत होता. उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टीन पेलिकन पक्ष्याबद्दल बोलताना अगदी सरळ सांगून टाकतो: हे खरं असेल, खोटंही असेल, पण खरं असेल तर ख्रिस्ताला किती चपखल लागू पडतं ते बघा.

गंमत अशी की हाच ऑगस्टीन प्रयोगही करायचा. मोराचं मांस कुजत नाही अशी समजूत होती. कार्थेज शहरात त्याच्या ताटात शिजवलेला मोर आला, तेव्हा त्याने छातीचा एक तुकडा बाजूला ठेवायला सांगितला. दुसरं कुठलंही मांस नासलं असतं इतके दिवस गेल्यावर तो तुकडा पुन्हा बाहेर काढला. वास नाही. महिन्याने पाहिला, तसाच. वर्षाने पाहिला तर थोडा सुकलेला आणि आक्रसलेला, एवढंच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे नोंदवून ठेवलंय. (कार्थेजची कोरडी हवा आणि स्वयंपाक्याने चोळलेलं मीठ यांचाही त्यात हात असणार, असं मला आपलं वाटतं.) इटलीत रावेन्नाच्या दगडी शवपेट्यांवर दोन मोर समोरासमोर उभे दिसतात, ते यामुळे. न कुजणारा पक्षी म्हणजे न मरणारा आत्मा. आपल्याकडचा सरस्वतीचा आणि कार्तिकेयाचा मोर तिकडे कबरीवर जाऊन बसला.

या सगळ्यामागे एक पक्का विश्वास होता. देवाने दोन ग्रंथ दिले: एक बायबल, दुसरं हे जग. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात आहेच की पशूंना विचार, ते तुला शिकवतील. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातला ह्यू म्हणायचा की हे दृश्य जग देवाच्या बोटाने लिहिलेल्या पुस्तकासारखं आहे. निरक्षर माणसाला उघड्या पुस्तकात नुसत्या आकृत्या दिसतात, अक्षरं कळत नाहीत, तशी अडाण्याची या जगासमोर गत होते. म्हणजे बेडूक, मुंगी, गरुड, सगळ्यांत काहीतरी लिहिलेलं आहे. फक्त वाचता आलं पाहिजे.

मग वाचनाची पुस्तकं निघाली. फिजिओलोगसचं लॅटिन भाषांतर आधीपासून होतं. त्यात सेव्हिलचा बिशप इसिदोर याच्या सातव्या शतकातल्या ज्ञानकोशातली भर पडली आणि बाराव्या-तेराव्या शतकात, विशेषतः इंग्लंडमध्ये, 'बेस्टिअरी' नावाचे सचित्र प्राणिकोश तयार होऊ लागले. ॲबर्डीन विद्यापीठात आज जतन केलेली प्रत १२००च्या सुमाराची आहे. सोन्याच्या वर्खावर रंगवलेले प्राणी तिच्यात अजून झळाळतात.

ही चित्रं कोणासाठी, याचं उत्तर फ्रान्समधल्या फुयॉयच्या ह्यूने त्याच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकात दिलंय. मठात शेतीकाम, सुतारकाम करणारे बंधू असत. त्यांना लॅटिन येत नसे. शिकलेल्यांसाठी अक्षरं, साध्या माणसांसाठी चित्र, असं तो म्हणतो. त्याच्या पहिल्याच चित्रात एका दांडीवर दोन पक्षी शेजारी शेजारी बसलेत, एक कबुतर आणि एक ससाणा. कबुतर म्हणजे मठात वाढलेला साधू. ससाणा म्हणजे तलवार टाकून मठात आलेला सरदार. ससाण्याने आता कबुतराच्या दांडीवर बसायला शिकायचं होतं. मठातल्या रोजच्या कुरबुरींवर याहून शहाणी टिप्पणी मी तरी पाहिलेली नाही.

आता युनिकॉर्नकडे वळू, कारण त्याचं मूळ पुन्हा आपल्या दारात येतं. इसवी सनापूर्वी ४००च्या सुमारास तेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात होता. भारतात तो कधी आला नाही, पण ऐकीव माहितीवर त्याने भारताविषयी पुस्तक लिहिलं. त्यात भारतातल्या रानगाढवांचं वर्णन आहे: कपाळावर एक शिंग, बुडाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला लाल, त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं तर विष बाधत नाही. गेंड्याच्या बातमीला तोंडोतोंडी पाय फुटले की असं होतं. पुढे अलेक्झांड्रियात हिब्रू बायबल ग्रीकमध्ये नेताना 'रेएम' नावाच्या एका बलाढ्य जनावरासाठी शब्द हवा होता. भाषांतरकारांनी लिहिलं 'मोनोकेरोस', एकशिंगी. आजची भाषांतरं तिथे रानबैल म्हणतात. पण शब्द एकदा बायबलमध्ये शिरला म्हटल्यावर प्राणी असणं भागच होतं.

फिजिओलोगस सांगतो की हा प्राणी लहानखुरा पण भयंकर चपळ, कुठल्याच शिकाऱ्याच्या हाती लागत नाही. त्याला धरायचं तर रानात एका कुमारिकेला बसवायचं. तो आपण होऊन येतो आणि तिच्या कुशीत डोकं ठेवतो. मग त्याला राजवाड्यात नेता येतं. कुमारिका म्हणजे पवित्र मरिया, प्राणी म्हणजे तिच्या उदरात आलेला ख्रिस्त. ऋष्यशृंगाची गोष्ट आठवली ना? कपाळावर शिंग असलेला, हरिणीच्या पोटी जन्मलेला, बाई कधी न पाहिलेला मुनी, आणि त्याला भुलवून राजधानीत आणणारी तरुणी. बौद्ध कथांत तर त्याचं नावच एकशृंग. दोन्ही कथांचं मूळ एक असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. दोघींमधले सगळे दुवे सापडलेले नाहीत, तेव्हा मी ते 'असावं'वरच ठेवतो.

चर्चच्या खजिन्यांत युनिकॉर्नची शिंगंही असत. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठात असंच एक लांबलचक, पीळदार शिंग होतं. ते निघालं नारव्हाल या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या देवमाशाचा दात. आणि तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने सुमात्रात खरा एकशिंगी प्राणी पाहिला, तेव्हा त्याचा पार हिरमोड झाला. हत्तीएवढा, कुरूप, चिखलात लोळणारा. आणि युरोपात म्हणतात तसा कुमारिकेच्या कुशीत येणारा तर मुळीच नाही! १५१५ मध्ये तसलाच एक गेंडा युरोपात पोचला. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला होता, त्याने तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मे रोजी लिस्बनकरांनी तो डोळ्यांनी पाहिला. त्याला तिकडे 'गंडा' म्हणत, आपलाच शब्द.

पेलिकनची कथा मला सगळ्यात जास्त हलवते. पिल्लं मोठी होऊ लागली की आईबापांच्या तोंडावर पंख आणि चोची मारतात. आईबाप चिडून उलट मारतात आणि पिल्लं मरतात. तीन दिवस शोक. मग आई आपलीच कूस चोचीने फोडते, रक्त पिल्लांवर सांडतं, आणि ती जिवंत होतात. अर्थ उघड आहे: माणसाने देवाच्या तोंडावर मारलं, देवाने त्याला आपल्या रक्ताने जगवलं. पुढच्या काळात भांडणाचा भाग गळून पडला आणि छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारी आई तेवढी उरली. संत थॉमस अक्वायनसच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध लॅटिन स्तोत्रात येशूलाच 'दयाळू पेलिकन' अशी हाक आहे. मिस्सेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या, वेदीपाशी, पवित्र भाकर ठेवायच्या पेटीवर हा पक्षी वारंवार दिसतो. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कलासंग्रहालयात त्या भाकरीसाठी घडवलेलं सतराव्या शतकातलं एक पात्र थेट पेलिकनच्या रूपाचं आहे. पाहणारे त्याला बरेचदा हंस समजतात.

मघाशी म्हटलं होतं तो घोळ आता. सिंह म्हणजे ख्रिस्त, हे पाठ करून तुम्ही फ्रान्समधल्या आमियाँ कॅथेड्रलच्या मधल्या दाराशी गेलात तर फसाल. तेराव्या शतकातला तिथला ख्रिस्त अतिशय शांत चेहऱ्याचा आहे, आणि त्याच्या पायाखाली चक्क एक सिंह आणि एक ड्रॅगन दबलेत. हा सिंह सैतान आहे. बायबलमधल्या पेत्राच्या पत्रात म्हटलंय ना, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळू म्हणून हिंडतो. तोच सिंह शार्त्रच्या कॅथेड्रलच्या पश्चिम दारावर पंख लावून ख्रिस्ताच्या बाजूला बसलाय. तिथे तो शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा संत मार्क. (त्याच्यासोबत लूकचा बैल, योहानाचा गरुड आणि मत्तयचा देवदूत असतो. ही चौकडी बायबलमधल्या यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतल्या दिव्य दर्शनांतून आली. कोणता प्राणी कोणाचा यावर सुरुवातीला एकमत नव्हतं. संत जेरोमने लावलेली वाटणी पुढे टिकली.) सापाचंही तेच. एदेन बागेतला तो सैतान, पण मोशेने वाळवंटात काठीवर उंचावलेला पितळी साप हे क्रुसावरच्या ख्रिस्ताचं पूर्वचिन्ह.

तेव्हा 'हा प्राणी म्हणजे काय' असं विचारण्याआधी तो कुठे आहे ते पाहायचं. पायाखाली की खांद्याशी? डोक्यामागे प्रभामंडळ आहे का? पंख आहेत का? दाराबाहेर की आत, वेदीपाशी? हातात पुस्तक की पंजात सावज? ऑगस्टीननेही नेमकं सिंहाचंच उदाहरण देऊन बजावलंय की एकच वस्तू एके ठिकाणी एक सांगते आणि दुसरीकडे नेमकं उलट.

हत्तीची गोष्ट थोडक्यात सांगायला मला जमणार नाही. बेस्टिअरीनुसार हत्तीच्या गुडघ्यांना सांधाच नसतो. म्हणून तो आडवा होत नाही, झाडाला टेकून झोपतो. शिकारी झाड अर्धवट कापून ठेवतात. हत्ती टेकला की झाडासकट कोसळतो आणि आक्रोश करतो. एक मोठा हत्ती धावत येतो, त्याला काही उचलवत नाही. दोघे मिळून ओरडतात. बारा हत्ती येतात, त्यांनाही जमत नाही. मग सगळ्यांचा एकच हंबरडा. शेवटी एक लहानसा हत्ती येतो, आपली सोंड पडलेल्याच्या खाली सरकवतो आणि त्याला उभा करतो. पडलेला हत्ती म्हणजे झाडापायीच पतन पावलेला आदाम. मोठा हत्ती म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, बारा म्हणजे संदेष्टे. आणि लहान हत्ती म्हणजे ख्रिस्त, सगळ्यांत थोर असून लहान होऊन आलेला.

गुडघे नसतात हे खोटं आहे, असं ॲरिस्टॉटलने फार आधीच लिहून ठेवलं होतं. कोणाला फरक पडला नाही. मग १२५५ मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला खराखुरा हत्ती भेट पाठवला. लंडनच्या टॉवरमध्ये त्याच्यासाठी ४० फूट लांब आणि २० फूट रुंद हत्तीखाना बांधला. सेंट ऑल्बन्स मठातला मॅथ्यू पॅरिस हा इतिहासकार साधू तो बघायला गेला आणि त्याने समोर बसून चित्र काढलं. माहुतालाही शेजारी उभं केलं, आकार कळावा म्हणून. त्या चित्रात हत्तीच्या पायांना गुडघे स्पष्ट दिसतात. दोन वर्षांत हत्ती मेला. बेस्टिअरीतले बिनगुडघ्यांचे हत्ती मात्र झाडाला टेकून झोपतच राहिले.

इथवर सगळं गोड आहे. पण ज्या बाराखडीत करुणा लिहिता येते तिच्यात द्वेषही लिहिता येतो. घुबडाला दिवसा दिसत नाही, म्हणून बेस्टिअरीने त्याला ज्यू ठरवलं: ख्रिस्ताचा प्रकाश नाकारून अंधारात राहणारे. इंग्लंडमधल्या नॉरिच कॅथेड्रलमध्ये एका आसनाखाली घुबडाला घेरून टोचणारे लहान पक्षी कोरलेत. पाहणाऱ्याला वाटतं, काय सुरेख निरीक्षण आहे! ते आहेच. पण तेव्हाच्या माणसाला त्यात ज्यू शेजाऱ्यालाही असंच टोचावं, असं वाचता येत होतं. जर्मनीत तर आडपडदाही ठेवला नाही. विटेनबर्गच्या ज्या चर्चमध्ये पुढे मार्टिन लूथर प्रवचनं देत असे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर तेराव्या शतकाच्या अखेरीचं एक शिल्प आहे: डुकरिणीला लुचणारे ज्यू. ज्या धर्मात डुक्कर निषिद्ध, त्याच धर्माच्या माणसांबद्दल. हे काढावं म्हणून खटला चालला. शेजारी स्मारकाची पाटी आणि खुलासा लावलेला आहे म्हणून ते राहू शकतं, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिला. मला तो निकाल पटलेला नाही, पण शिल्प पुसून इतिहास स्वच्छ होतो असंही वाटत नाही.

आणि ज्यांना काहीच अर्थ नसतो, असे प्राणी? भरपूर. पार्माच्या त्याच बॅप्टिस्टरीला बाहेरून प्राण्यांचा एक पट्टा आहे. सत्तरहून जास्त चौकटी, त्यांत खरे प्राणी, पंखवाले, अर्धे मासे, अर्धी माणसं. त्यांचा एकत्र अर्थ काय, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. अशा वेळी मला क्लेअरव्होचा संत बर्नार्ड आठवतो. ११२५च्या सुमारास त्याने मठांच्या सजावटीवर एक खरमरीत लिखाण केलं. मठाच्या ओवरीत, वाचन करणाऱ्या साधूंच्या डोळ्यांसमोर ही गलिच्छ माकडं कशाला? हे अर्धे मानव कशाला? एका डोक्याला अनेक धडं, एका धडाला अनेक डोकी! साधू पुस्तक सोडून दिवसभर दगडच वाचत बसतील. आणि शेवटी अगदी घरच्या कारभाऱ्यासारखं: या वेडगळपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या. बर्नार्डचं दुर्दैव असं की या चित्रांचं इतकं बारकाईने, चवीने केलेलं वर्णन दुसरं सापडत नाही. बुवा बराच वेळ बघत उभे राहिले असणार.

कोरक्यांच्या हाती मोकळीक आली की ते टवाळीही करत. कॅथेड्रलमध्ये गायकवर्गासाठी लाकडी आसनं असत, मिटवता येणारी. तासन्‌तास उभं राहायचं, म्हणून आसन वर केलं की त्याच्या खालच्या बाजूला टेकायला एक छोटी कड असे. त्या कडेखालचा भाग, म्हणजे प्रार्थना चालू असताना धर्मगुरूंच्या पार्श्वभागाखाली येणारी जागा, सुतारांनी आपली मानली. इंग्लंडमधल्या रिपन कॅथेड्रलची आसनं १४८९ ते १४९४ मधली आहेत. त्यांतल्या एकावर कोल्हा व्यासपीठावर उभा राहून प्रवचन देतोय, आणि श्रोते कोण, तर हंसी आणि कोंबडा. आपल्याकडे याला बकध्यान म्हणतात. दक्षिणेसाठी गोड बोलणाऱ्या फिरत्या प्रवचनकारांना मारलेला हा टोमणा धर्मगुरूंच्या बसण्याच्या जागेखालीच कोरला जात होता, आणि कोणी तो काढायला लावला नाही.

उत्तर फ्रान्समध्ये लाँ नावाचं टेकडीवरचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर, इतर ठिकाणी संत किंवा देवदूत उभे असतात त्या उंचीवर, सोळा दगडी बैल आहेत. खांबांच्या मधून माना बाहेर काढून ते खालच्या मैदानाकडे बघतात. पुस्तकातला अर्थ लावायचा तर लूकचा बैल म्हणता येईल, पण लूकचा बैल एकटा असतो, आणि त्याला पंख असतात. यांना नाहीत. गावात याचं कारण वेगळं सांगतात, आणि त्या गोष्टीला बाराव्या शतकातला लेखी आधार आहे. नोजाँचा मठाधिपती गिबेर याने ती लिहून ठेवली. १११२ च्या दंगलीत जुनं चर्च जळालं आणि दुरुस्तीचं सामान बैलगाड्यांतून टेकडीवर चढू लागलं. एकदा अर्ध्या चढावर एक बैल दमून बसला. गाडीवान हवालदिल झाला. तेवढ्यात कुठूनसा एक अनोळखी बैल आला, जोखडाखाली मान दिली आणि गाडी वर ओढून नेली. चर्चपाशी पोचल्यावर त्याला सोडलं, तेव्हा तो हाकणाऱ्यासाठी थांबला नाही, आल्या वाटेने टेकडी उतरून निघून गेला.